जोडगाडीचा दुसरा डबा

हॅरोबेकच्या रेल्वे मॉडेल क्लबात नवा डबा रुळावर येण्याआधी मंगळवारच्या टेबलावर यावा लागतो. मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत एक जुनं बिलियर्डचं टेबल आहे. त्याच्या हिरव्या कापडावर डबा ठेवतात, वरचा दिवा खाली ओढतात, आणि हजर असलेला प्रत्येक सभासद भिंग घेऊन एक दोष सांगतो. ज्याने डबा बनवला त्याने तोवर गप्प बसायचं. चहा ओतला गेला की त्याला तोंड उघडता येतं, त्याआधी नाही. आधी बोलला तर डबा परत घरी. चहानंतर दोष दुरुस्त करायचे, पण एक दोष 'आहे, आणि राहील' असं सांगून ठेवायची मुभा असते. हे नियम कोणी केले ते आता कोणाला आठवत नाही. त्याआधी खिडकीच्या चौकटीच्या रंगावरून दोन सभासदांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या होत्या, एवढं ऐकून आहे.

आमच्या मांडणीत १९६० सालचं हॅरोबेक स्टेशन आहे. खरं स्टेशन पाडून तिथे सुपरमार्केटच्या गाड्या लावायची जागा झाली त्याला जमाना लोटला. चर्चच्या खोलीत मात्र ते एकाला एकशे अठ्ठेचाळीस या प्रमाणात शाबूत आहे. माणूस जेमतेम बारा मिलिमीटरचा, आणि फलाटावरचं मांजर डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाही.

ज्याचा स्वतः बनवलेला डबा टेबलावर पास होतो, त्यालाच ऑक्टोबरच्या प्रदर्शनात गाडी हाकायला मिळते. बाकीच्यांनी तिकिटं फाडायची, चहा द्यायचा आणि डोंगरांवर टेकणारी प्रेक्षकांची कोपरं उचलायची.

थेल्मा बेअरस्टो वीस वर्षं चहा देत होती. त्याआधी ती गावातल्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती, म्हणजे निम्म्या गावाला पाढे तिने शिकवलेले. तिचा नवरा लायनेल बस कंपनीतला निवृत्त तपासनीस आणि आमच्या क्लबातला जोडगाड्यांचा बादशहा. जोडगाडी म्हणजे दोन डब्यांची डिझेल गाडी. तिला वेगळं इंजिन नसतं, मोटर एका डब्याच्या पोटात असते आणि ड्रायव्हरची खोली दोन्ही टोकांना. हिरवा रंग, बाजूने मलईच्या रंगाची रेघ आणि तोंडावर रंगवलेल्या पिवळसर मिशा. मांडणीवरच्या सगळ्या जोडगाड्या लायनेलच्या हातच्या होत्या. बाकीचे सभासद इंजिनामागून ओढले जाणारे साधे डबे करत. जोडगाडी करण्याची हिंमत दुसऱ्या कोणी केली नव्हती.

यंदा लायनेलने सहावी जोडगाडी करायला घेतली. मोटरचा डबा पूर्ण झाला आणि त्याला दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा रांगेत राहिला.

"दुसरा डबा मी करते," थेल्मा म्हणाली.

"काय करतेस?"

"डबा."

"अगं, ते आल्याच्या केकसारखं नसतं."

"नसतंच. केक लोक संपवतात तरी."

शेवटी दोघांत करार झाला. त्याने तिच्या कामात डोकवायचं नाही आणि तिने त्याला काही विचारायचं नाही. दोन्ही डबे पहिल्यांदा एकत्र येतील ते टेबलावरच. लायनेलने हे मान्य केलं, कारण इस्टरपर्यंत ती कंटाळेल असं त्याने आम्हा सगळ्यांना खाजगीत सांगितलं होतं. ती कंटाळली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढऱ्या प्लास्टिकचे पातळ पत्रे, धारदार पाती, कानशी आणि मूळ डब्याचा आराखडा मांडून ती बसे. मे महिन्यात तिने खिडक्या कापल्या. ऑगस्टमध्ये कापलेल्या सगळ्या फेकून पुन्हा कापल्या.

"तुला नेमकं काय हवंय?" असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"मला या ऑक्टोबरात गाडी हाकायची आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं त्या गाड्या मी चहाच्या खिडकीतून बघतेय. एकदा तरी मी थांब म्हटलं की थांबायला हव्यात."

प्रदर्शन शनिवारी होतं आणि त्याआधीच्या मंगळवारी टेबल. गॉर्डन सगडन अध्यक्ष होता. सगडनचा धंदा अंत्यविधीचा, तीन पिढ्यांचा, त्यामुळे त्याचा सूट नेहमी काळा आणि आवाज नेहमी हळू. टेबलावर तो सगळ्यांना अहो-जाहो करतो, त्यांच्याबरोबर शाळेत गेलेला असला तरी.

"जोडगाडी ही एकच वस्तू धरली जाते," त्याने आठवण करून दिली. "दोन्ही डबे पास, नाहीतर दोन्ही नापास. बनवणारे दोन, म्हणून दोघांनीही गप्प बसायचं. बरोबर, मिसेस बेअरस्टो?"

थेल्माने नुसती मान हलवली.

आधी मोटरचा डबा तपासला. नेहमीप्रमाणे त्यात फार काही सापडलं नाही. मग थेल्माचा. खजिनदार ॲक्रॉइड भिंग लावून बराच वेळ आत बघत राहिला.

"पहिल्या वर्गाच्या आसनांना डोक्यामागे पांढरी फडकी आहेत, ते ठीक. पण दुसऱ्या वर्गालाही आहेत. दुसऱ्या वर्गाला फडकी नव्हती."

कोणीतरी हसलं. थेल्माचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपी नाही," दुसरा म्हणाला. "टक्कल दिसतंय. कामावर असताना टोपी सक्तीची होती."

मी भिंग घेतलं. ड्रायव्हर बारीक मिशीचा होता, गोल चेहऱ्याचा, आणि त्याचं टक्कल मधोमध चमकत होतं. खोलीत तसं टक्कल एकच होतं. लायनेलने आपल्या डोक्यावरून हात फिरवला आणि छताकडे बघितलं.

मग सगडनने दोन्ही डबे शेजारी शेजारी, एका टोकाला जुळवून ठेवले. दुसऱ्या टोकाला ते जुळले नाहीत. थेल्माचा डबा पुढे आला होता. फार नाही, पण आमच्या टेबलावर तेवढं म्हणजे दरी. छपराचीही पातळी किंचित वर होती.

"अरेरे," सगडन हळूच म्हणाला. सांत्वनाचा सूर त्याला आपोआप लागतो. "डबा लांब झाला. पहिल्या डब्यात होतं असं. मिसेस बेअरस्टो, मनाला लावून घेऊ नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लायनेललाही बोलायची बंदी होती, पण मान हलवायची नव्हती. त्यानेही हलवली, दुःखाने आणि काहीशा मोठेपणाने.

थेल्माने ते पाहिलं. ती खुर्चीवरून उठली आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या किटलीकडे गेली.

"अजून चार जणांचे दोष राहिलेत, मिसेस बेअरस्टो," सगडन म्हणाला. "चहाला अवकाश आहे."

पाणी आधीच तापवून ठेवलेलं होतं. तिने चहाच्या भांड्यात पानं टाकली, आणि आम्ही नऊ जण ती पानं मुरण्याची वाट बघत बसलो. मग तिने एक कप भरला, आधी दूध, मग चहा, जसा सगडनला लागतो तसा, आणि आणून त्याच्या हातात दिला.

"चहा ओतला गेला," ती म्हणाली. "आता बोलते. गॉर्डन, तुझा व्हर्नियर काढ."

"पण पद्धत अशी आहे की..."

"पद्धतीत चहा कधी ओतायचा ते लिहिलेलं नाही. वीस वर्षं मीच ओततेय, मला माहीत आहे. काढ व्हर्नियर."

सगडनने कप खाली ठेवला आणि खिशातून तो बारीक मापाचा व्हर्नियर काढला. आधी तिचा डबा मोजला.

"एकशे सतरा पूर्णांक चार."

"आराखड्यात डबा सत्तावन्न फुटांचा आहे," थेल्मा म्हणाली. "एकशे अठ्ठेचाळीसने भाग."

ॲक्रॉइडने फोनवर भागाकार केला, मग पुन्हा केला. "एकशे सतरा पूर्णांक चार," तो म्हणाला, आणि फोन हळूच खिशात ठेवला.

सगडनने लायनेलचा डबा मोजला. एकशे चौदा.

खोलीतलं सगळं लक्ष आता लायनेलकडे गेलं. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

"सत्तावन्न फूट," तो स्वतःशीच पुटपुटला. "फुटाला दोन मिलिमीटर. सत्तावन्न दुणे एकशे चौदा."

"दोन आणि?" थेल्माने विचारलं. गावातल्या निम्म्या लोकांना तो आवाज ओळखीचा होता. त्या आवाजापुढे ॲक्रॉइडसुद्धा सरळ बसला.

"दोन आणि..." लायनेलने डोळे मिटले. "सोळांश. दोन आणि वर एक सोळांश."

गोष्ट अशी की लहान रेल्वे करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक फुटाला बरोबर दोन मिलिमीटर धरतात. त्यांचं गणित सोपं असतं आणि त्याचा त्यांना थोडा माज असतो. आमचा पंथ दुसरा. आमच्याकडे दोनवर तो त्रासदायक सोळांश येतो. लायनेल तरुणपणी पहिल्या पंथात होता. आमच्याकडे येऊन त्याला कित्येक वर्षं झाली, पण हाताने जुनं गणित सोडलं नव्हतं.

"मग आधीच्या पाच?" कोणीतरी विचारलं.

ॲक्रॉइड उठला, कपाटातून लायनेलच्या पाचही जोडगाड्या घेऊन आला आणि सगडन त्या एकेक मोजत गेला. दहा डबे. दहाही आखूड. प्रत्येक डबा याच टेबलावर, याच भिंगाखालून पास झालेला. आम्ही दारांच्या मुठी मोजल्या होत्या, छपरावरच्या हवेच्या झरोक्यांची जागा तपासली होती, मिशांच्या टोकांवर वाद घातला होता. लांबी मात्र दर वेळी लायनेलच्या आधीच्या गाडीला लावून पाहिली होती. आणि जोडगाडी दुसऱ्या कुठल्या डब्याला जोडली जात नाही, त्यामुळे खऱ्या मापाचा डबा तिच्या शेजारी कधी उभाच राहिला नव्हता.

"गॉर्डन," थेल्मा म्हणाली, "तुझ्या घराण्याने तीन पिढ्या या गावातल्या माणसांची लांबी मोजली. एकही चुकल्याचं ऐकिवात नाही."

"ते तक्रार करत नाहीत," सगडन म्हणाला.

पहिल्यांदा ॲक्रॉइड हसला, मग सगळेच. लायनेल सर्वांत शेवटी हसला, पण बराच वेळ हसत राहिला.

हसणं ओसरल्यावर सगडनने घसा साफ केला. "आता शनिवारचं बघायला हवं. जोडी जुळत नाही, म्हणजे पास नाही. पास नाही म्हणजे..." त्याने थेल्माकडे बघायचं टाळलं. "एक मार्ग आहे. मिसेस बेअरस्टोंचा डबा मधून कापला, जवळपास साडेतीन मिलिमीटर काढून पुन्हा जोडला, छप्पर थोडं घासलं, तर दोन्ही जुळतील. पाच गाड्या एका मापाच्या आहेतच. सहावीही त्याच मापाची होईल. बघणाऱ्यांना काही कळणार नाही, आणि शनिवारी गाडी त्यांनाच हाकता येईल."

थेल्मा आपल्या डब्याकडे बघत होती. तिला काय हवं आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि आता ते एका कापावर आलं होतं. तिने हात पुढे केला, डबा उचलला आणि खिडक्यांच्या मधली जागा बोटाने चाचपली.

"खाली ठेव तो," लायनेल म्हणाला.

"लायनेल, मला शनिवारी..."

"माहीत आहे तुला काय हवंय. खाली ठेव." तो उठून उभा राहिला. "मी तपासनीस होतो. डेपोतलं घड्याळ मागे पडलं तर मी घड्याळ दुरुस्त करायला लावायचो. सगळ्या बस उशिरा सोडायचो नाही. आखूड डबा माझा आहे. नवा मी करीन."

"शनिवारपर्यंत?" ॲक्रॉइड म्हणाला. "एका डोळ्याने?"

"एक माझा. दोन हिचे." त्याने टोपी घेतली. "चल, बाईसाहेब."

पुढचे दिवस बेअरस्टोंच्या स्वयंपाकघरात जेवणासाठी जागा नव्हती. पोर्क पाई उभ्यानेच खाल्ल्या गेल्या. मी चौकशीला गेलो तेव्हा थेल्मा पत्रे मापत आणि कापत होती, लायनेल ते जोडत होता. करार मोडला होता, त्यामुळे दोघंही एकमेकांच्या कामात मनसोक्त डोकवत होते.

"खिडकीचा कोपरा गोल हवा, अगं. तू चौकोनी ठेवलायस."

"अजून कानस लावायची आहे. तू आधी सांग, किती गुणलंस?"

"किती वेळा तेच विचारशील?"

"जन्मभर."

"दोन आणि सोळांश," लायनेल मुकाट्याने म्हणाला आणि डिंकाची बाटली उघडली.

जुन्या डब्याच्या पोटातली मोटर नव्यात बसली. चाकांच्या जोड्या थोड्या दूर सरकवाव्या लागल्या. शुक्रवारी दुपारी डबा उभा राहिला, लांबी बरोबर, उंची बरोबर, आणि रंग पांढराफटक. लायनेलला फवारणीचं काम आता जमत नव्हतं, नव्या डोळ्याला अंतराचा अंदाज येत नव्हता. थेल्माने ते कधी केलंच नव्हतं, तिचा डबा तिने ब्रशने रंगवला होता. दोघं तो पांढरा डबा मध्ये ठेवून बसली होती तेव्हा दाराची घंटा वाजली.

दारात सगडन होता, काळ्या सुटात, हातात एक पेटी. एका अंत्यविधीहून तो थेट आला होता. मागे ॲक्रॉइड होता, आणि मीही.

"फवारणीचं यंत्र आणलंय," सगडन म्हणाला. "हिरवा रंग मिसळून आणलाय. कोट कुठे टांगू?"

रंग वाळल्यावर लायनेलच्या आखूड डब्यावरून मिशांचं माप घेतलं, थेल्माने ते खऱ्या प्रमाणात वाढवून दिलं आणि सगडनने मिशा काढल्या. मग त्याने टेबलावरचे पत्र्यांचे तुकडे बाजूला केले, दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि खिशातून भिंग काढलं.

"टेबल कुठलं असावं, हे नियमात नाही," तो म्हणाला. "सभासद तीन लागतात, तीन आहेत. मिस्टर बेअरस्टो, मिसेस बेअरस्टो, आता बोलू नका."

डबे दोन्ही टोकांना जुळले. सगडनने व्हर्नियरही लावला, आणि या वेळी लांबी आधी मोजली. मग त्याने स्वतः उठून चहा ओतला. फारच पांचट केला होता, पण थेल्माने तो निमूट घेतला.

"दोष दोन राहतात," सगडन म्हणाला. "दुसऱ्या वर्गाची फडकी, आणि टोपी. ठेवता येतो एकच."

"दुसऱ्या वर्गाच्या लोकांच्या डोक्याला तेल नसायचं का?" थेल्मा म्हणाली. "माझी आई दुसऱ्या वर्गानेच जायची. फडकी राहतील."

"मग टोपी घालावी लागेल."

थेल्माने डबा उचलून आतल्या ड्रायव्हरकडे बघितलं. "टोपी घातली तर ओळखू कसा येणार?"

"घाल गं," लायनेल म्हणाला. "बसवर असताना घालतच होतो की. मला कोणी ओळखायची गरज नाही."

तिने सर्वांत बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगाचा एक ठिपका त्या टकलावर ठेवला आणि त्यावर फुंकर घातली. "मी ओळखते," ती म्हणाली.

शनिवारी प्रदर्शनाचं दालन दुपारपर्यंत भरलं. चहाच्या खिडकीत सगडन उभा होता, काळ्या सुटावर फुलाफुलांचा एप्रन बांधून, आणि रांगेतल्या प्रत्येकाला हळू आवाजात साखर किती असं विचारत होता. लोकांना कोणीतरी गेल्याची बातमी सांगितल्यासारखं वाटत असावं, पण केक भराभर संपत होता.

कंट्रोलरपाशी थेल्मा होती. लायनेल शेजारच्या स्टुलावर, हात मुद्दाम खिशात घालून.

तिने बटण फिरवलं. जोडगाडी बोगद्यातून बाहेर आली, पुलावरून गेली, सिग्नलपाशी रेंगाळली आणि कडेच्या आखूड फलाटाला लागली. रूळ तिथेच संपतो, शेवटी गाडी अडवणारे बफर आहेत. थेल्माचा डबा पुढे होता, टोपी घातलेला ड्रायव्हर त्यात. तिने गती इतकी हळू कमी केली की गाडी नेमकी कधी थांबली ते कळलं नाही. बफर आणि गाडी यांच्यात कागद जेमतेम सरकला असता.

"वा," ॲक्रॉइड म्हणाला.

कठड्यापाशी उभ्या असलेल्या रेनकोटवाल्या एका बाईने बोट दाखवलं. "मागचं टोक फलाटाबाहेर राहिलंय ना?"

सगळे वाकले. खरंच राहिलं होतं. मागच्या डब्याची ड्रायव्हरची खोली, दारासकट, फलाटाच्या टोकाबाहेर खडीवर लोंबत होती. ॲक्रॉइडने फलाटाकडे पाहिलं, मग लायनेलकडे.

"फलाट कोणी कापला होता?"

"मी," लायनेल म्हणाला. "माझ्या पहिल्या जोडगाडीला लावून."

थेल्माने बटणावरचा हात काढला नाही, गाडीवरची नजरही नाही. "ड्रायव्हर," ती म्हणाली, "आता उतरा. परत जायचंय. दुसऱ्या टोकाच्या खोलीत जाऊन बसा."

लायनेलने वाकून त्या लोंबणाऱ्या दाराकडे आपल्या चांगल्या डोळ्याने नीट पाहिलं. "चढू कसा? खाली नुसती खडी आहे. दार माझ्या डोक्याच्या वर येईल."

"फलाट तुझाच आहे."

"माझे गुडघे बघ तरी."

"मग सावकाश चढ."

ती थांबली. टोपी घातलेल्या एका जाड माणसाला फलाटावरून चालत जायला, खडीवर उतरायला आणि दाराशेजारच्या दांडीला धरून वर चढायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ती बटणावर हात ठेवून शांत उभी राहिली. कठड्यापलीकडचे लोकही थांबून राहिले.

"बसलास का?" तिने विचारलं.

"बसलो," लायनेल म्हणाला.

तिने बटण उलट फिरवलं आणि गाडी निघाली.